मौनभोजन

पान लोखंडाचंच होतं, वरून हिरवा मुलामा दिलेलं — अंगठ्याच्या नखाएवढं, मागे टाचणी असलेलं, आणि त्या टाचणीचं टोक पदरातून आत शिरून खांद्याच्या जरा खाली टोचत होतं, मघापासून, श्वास घेतला की थोडं जास्त. जानकीने ते काढलं नाही. काढलं तर हर्षदसर विचारतील, ताई, बिल्ला कुठे? आणि मग काहीतरी सांगावं लागेल... सांगावं लागेल या नुसत्या विचारानेच तिच्या तळहातांना घाम सुटला. बिल्ला इथलाच, खालच्या टाक्यांत बुडवून काढलेला. एवढंसं पान चकाकायला किती पाणी लागलं असेल, आणि ते पाणी नंतर कुठे गेलं असेल — नको. तिने जप सुरू केला. बोटांच्या पेरांवर मोजताना पेर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलं.

अंधेरीला मरोळच्या या कारखान्यात जीन्सची धातूची बटणं बनतात, त्यांच्यावर निकेलचा मुलामा चढतो, आणि ती हॉलंडला जातात. जानकी इथे लग्नाआधीपासून. आधी केमिस्ट, आणि गेल्या पाडव्यापासून ‘सस्टेनेबिलिटी हेड’. नवं पद, नवी काचेची केबिन, दारावर नाव. व्रताचं उद्यापन पार पडावं तसे तिने त्या दिवशी पेढे वाटले होते. आज एक वाजता हॉलंडच्या कंपनीचे मोठे साहेब पडद्यावर येणार होते आणि तिला एकच प्रश्न विचारणार होते — तुमचं घाण पाणी बाहेर जातं का?

जातं. हॉलंडची ऑर्डर वाढली म्हणून रात्रपाळी सुरू झाली, आणि रात्रपाळी सुरू झाल्यापासून पाणी शुद्ध करायची टाकी पुरेनाशी झाली. पहाटे मागचा व्हॉल्व्ह उघडतात. हिरवट पाणी नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत... हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणालाच माहीत नाही.

पण मी कुठे खोटं बोलले, देवा? मी तर बोललेच नव्हते.

ते खरंच होतं. गेल्या महिन्यात हॉलंडची मारिके आली होती — उंच, पांढऱ्या केसांची, सुती कुर्ता घातलेली बाई. मीटिंगच्या खोलीत सगळ्यांसाठी हॉटेलातून जेवण मागवलेलं, आणि जानकीसमोर तिचा डबा. चातुर्मासात ती एकभुक्त, आणि ते एक जेवणही मौनाने. ओंजळीत थोडं पाणी घ्यायचं, कृष्णार्पण म्हणायचं, की त्यानंतर शेवटचा घास होईपर्यंत शब्द नाही. सासूबाईंकडून आलेला नेम. सासूबाईंचं मौन मात्र अख्ख्या चाळीला ऐकू जायचं — मीठ हवं असलं की त्या ताटावर अशा बोट आपटायच्या की शेजारच्या खोलीतून माणसं मीठ घेऊन येत... त्या आठवणीने तिला एरवी हसू येतं. आज आलं नाही.

‘आमच्याकडून एक थेंबही बाहेर जात नाही,’ हर्षदसर मारिकेला सांगत होते, ‘या आमच्या जानकीताई, यांनाच विचारा.’ मारिकेने पाहिलं. जानकीच्या तोंडात घास. मग सर हसले आणि त्यांनी मौनाचं सांगितलं — हे व्रत, ही श्रद्धा, असली माणसं आमची कंपनी चालवतात. मारिकेने हातातला चमचा खाली ठेवला. हात जोडले. तिचे डोळे पाणावले होते. आणि जानकीने — तोंडातला घास तसाच — मान लववली. नमस्काराला नमस्कार, एवढंच. पण मारिकेने तिकडे जाऊन सगळ्यांना सांगितलं की मी अशी एक बाई पाहिली, जी खोटं बोलूच शकणार नाही. आता त्या साहेबांना ती बाई पाहायची आहे.

दारावर टकटक न करता प्रांजल आत आली. ती खालची प्रयोगशाळा सांभाळते, वयाने लहान, पण जिभेला हाड नाही.

‘जेवलीस?’

‘अजून नाही गं.’

‘तोंड बघ स्वतःचं. दहावीच्या रिझल्टला बसल्यासारखी बसलीयेस.’ ती टेबलाच्या कोपऱ्यावर टेकली. ‘ताई, सरळ बोलते. तू तिथे काही बोललीस ना, ऑर्डर जाणार. ऑर्डर गेली की रात्रपाळी बंद. आणि रात्रपाळीला केतन आहे. माझा नवरा. लक्षात आहे ना?’

‘आहे.’

‘मग झालं तर. देवाने काय टायमिंग दिलंय तुला, यार! माझं तोंड बंद राहावं म्हणून माझी सासू नवस बोलते, आणि तुझं बंद तोंड बघून गोरे लोक हात जोडतात.’ ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. ‘ए, तू बोलणार तर नाहीयेस ना?’

जानकीने टेबलावरचा डबा जवळ ओढला. अजून तो उघडला नव्हता, मौन लागू नव्हतं. प्रांजल तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. त्या हाताला ओलसर गारवा होता. म्हणजे तीही घाबरलेली.

खिडकीतून नाल्यापलीकडची हिरवी पट्टी दिसत होती. अळू, माठ, थोडी मिरची. राधाने लावलेली, नाल्याच्याच पाण्यावर. राधा गेटजवळ टोपली घेऊन बसते, आणि जानकी नैवेद्याच्या वड्यांसाठी तिच्याकडूनच अळू घ्यायची — किती रुंद पानं, काळे देठ, हातात घेतली की नुसती थंड. रात्रपाळी सुरू झाली त्याच आठवड्यात तिने घेणं बंद केलं. राधाने विचारलं, काय ताई, रागावलात काय? जानकी म्हणाली, नाही गं, उपास आहेत. आणि पुढे निघाली. मागे एक बाई मुलाला कडेवर घेऊन पानं निवडत होती, ही ताजी आहेत का विचारत होती, आणि जानकीने ते ऐकलं, आणि ती पुढेच निघाली... देवाच्या ताटात ते पान नको म्हणून मी थांबले. देवाला जपलं मी. देवाला काय होणार होतं?

हर्षदसर दारात उभे. हसरे, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. वाईट माणूस नाही. तिच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलात बसला होता.

‘ताई, तुमची जेवायची वेळ आणि कॉलची वेळ एकच आली, बघा.’

‘मी नंतर जेवेन, सर.’

‘छे, छे. एकदाच तर जेवता दिवसातून. डबा घेऊनच बसा. मारिकेला ते फार भिडलं होतं. तुम्ही शांतपणे जेवा, बोलायचं मी बघतो. लीडरने आणखी काय करायचं असतं? टीमला टेन्शन येऊ द्यायचं नाही.’

‘पण सर, तो व्हॉल्व्ह...’ एवढं आलं. कसं आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘दिवाळीपर्यंत नवी टाकी बसतेय ना? मग होईलच ते खरं. खोटं नाही, ताई, थोडं आधी सांगतोय, इतकंच.’ आणि त्यांनी स्वतः तिचा डबा उचलला, अदबीने, प्रसादाचं ताट उचलावं तसा, आणि ते पुढे चालू लागले. ती डब्यामागून चालत गेली.

मीटिंगच्या खोलीत एसी जास्त होता. पडदा अजून निळा. सरांनी डबा समोर ठेवला, झाकण काढलं, वरण-भाताची वाफ निघाली. पाण्याची बाटली. तिने ओंजळीत पाणी घेतलं, रोजच्यासारखं, हात सवयीनेच पुढे झाला. कृष्णार्पण म्हटलं की दार बंद. आत कुणी येऊ शकत नाही. किती सुरक्षित जागा आहे ही, किती वर्षांची... आणि ओंजळीतल्या त्या गार पाण्याबरोबर मागचा महिना सरळ समोर आला, या वेळी नीट क्रमाने.

त्या दिवशी सर बोलत होते तेव्हा ओंजळ कोरडी होती. ‘एक थेंबही नाही,’ ते म्हणाले. ‘यांनाच विचारा,’ म्हणाले. मग — त्यानंतर — तिने घाईघाईने पाणी घेतलं होतं. मारिकेची मान वळेपर्यंत. घास नंतर. मौन नंतर. आधी भीती.

मग याआधी? सासऱ्यांनी सुशांतवर, तिच्या नवऱ्यावर, सोळा वर्षांच्या पोरावर उगारावा तसा हात उगारला होता, आणि ती ताटावर मान खाली घालून... तेव्हा पाणी आधी की ओरडणं आधी? आठवेना. आठवत नाही हेच भयंकर होतं. मी देवासाठी गप्प बसत होते, की देवाच्या मागे?

पडदा उजळला. चार चेहरे, पाचवा मारिकेचा. तिने जानकीला पाहिलं, डबा पाहिला, तिचा चेहरा मायेने उमलला. शेजारच्यांना ती काहीतरी कुजबुजली आणि मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून हसली — कळलं, कळलं, बोलू नका. सरांनी घसा साफ केला.

ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून ठिबकत होतं, मनगटावर, साडीवर. ती ते सांडू देत होती. कृष्णार्पण अजून म्हटलं नव्हतं. बोलायचं आहे हेही ठरलं नव्हतं, बोलल्यावर केतनचं काय, प्रांजल उद्या तोंड तरी दाखवेल का, काहीच ठरलं नव्हतं, आणि हृदय इतकं जोरात धडधडत होतं की माइकमधून ते हॉलंडला ऐकू जाईल असं वाटलं. सकाळपासून आपण बोलून तर बसणार नाही ना, या भीतीने ती थरथरत होती. आता थरथर तीच होती, पण भीती उलटी, बोलताच आलं नाही तर; तिने तोंड मिटूनच घशात चाचपून पाहिलं — आवाज आहे ना? आहे ना अजून? — आणि उत्तर येईना.