दोऱ्याचे बळ आणि पाटीचा भार

डिचोलीच्या बाजारामागे घातलेल्या मांडवात त्या गुरुवारी उभे राहायलाही जागा उरली नव्हती. मंचावर बाबली होता. खनिजाचा ट्रक चालवणारा, सव्वादोन मण वजनाचा गडी. पाय जुळवून त्याने उजवा हात आडवा पसरला. कृष्णनाथ महाराजांनी मनगटावर दोन बोटे टेकवून दाबली मात्र, बाबली कलंडला. मग त्याच मनगटाला तांबडा दोरा बांधण्यात आला. महाराजांनी पुन्हा दाबले, दोन्ही हातांनी लोंबकळले म्हणा ना. बाबली खांबासारखा स्थिर. मांडवभर हात जोडले गेले.

"देह म्हणजे गंजलेले यंत्र," महाराज सांगत होते. "त्याचे ऐकाल तर थकाल. ब्रह्मांडाची विद्युत या दोऱ्यातून उतरते. देहभान सोडा, वेग आपोआप येईल."

ब्रह्मांडाची विद्युत सर्वव्यापी असताना तिला मनगटाचीच वाट का लागावी, असे मी आदल्या सभेत विचारले होते. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो आणि संध्याकाळी मुलांना धावायला नेतो. महाराज माझ्या प्रश्नावर हसले होते आणि लोक माझ्यावर. पण गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. माझी विद्यार्थिनी अर्चना पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या डाव्या घोट्यावर तसाच दोरा होता.

शनिवारी म्हापशाला निवड चाचणी होती. गोवा घटक राज्य झाल्यानंतरचा मुलींचा हा पहिला संघ. पंधराशे मीटरला एकच जागा. पुढच्या वर्षी अर्चनाचे वय त्या गटात बसणार नव्हते. आणि महिनाभर तिची डावी नडगी दुखत होती. दोरा बांधल्यापासून मात्र दुखत नाही, असे तिचे म्हणणे.

मी तिला मैदानावरची लाल धूळ दाखवली होती. ती अनवाणी धावते. उजव्या पावलाचा ठसा पूर्ण उमटला होता. डाव्याची नुसती बोटे.

"तुझा पाय टाच टेकायला भितो आहे," मी म्हणालो होतो. "पाऊल कसे पडते, भार कुठे जातो, इकडे लक्ष ठेवणाराच धावण्यात सुधारतो. तू लक्ष काढून घेते आहेस. डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर पाय बांधून घालतलो," तिची आई सोनाबाई मध्येच बोलली होती. "मगे शनवारी धावतला कोण, सर? तुमी?"

सोनाबाई मूळची सिंधुदुर्गातली. वीस वर्षे डोक्यावरून पाट्या वाहणारी, आधी खाणीवर, आता बांधकामांवर. लेकीच्या डोक्यावर पाटी येऊ नये, एवढेच तिचे मागणे, आणि ते सारे त्या एका जागेवर टांगलेले.

त्या गुरुवारी, बाबलीनंतर, महाराजांनी नेमके सोनाबाईलाच मंचावर बोलावले. दोऱ्याविना दाबले, ती झुकली. दोरा बांधून दाबले. ती उभी राहिली. जयजयकार झाला. सोनाबाई मात्र जागची हलली नाही. ती खाली बसलेल्या लेकीकडे पाहत राहिली. ती एवढा वेळ का थांबली, हे मला नंतर उमगले. बोलावे तर पोरीचा शनिवार जातो. गप्प राहावे तर पाय.

"म्हाराज, दोरो सोडा नि परत दाबा," ती अखेर म्हणाली. "माज्या पायांक कायतरी येगळाच कळला."

"शंका घेतली की शक्ती निघून जाते, माई."

"मगे तुमी नको. मीच दाबतंय. बाबल्या, हय ये रे."

बाबलीच्या मनगटावर दोरा होताच. सोनाबाईने हात खाली दाबता दाबता किंचित बाहेर ओढला. दोऱ्यासकट बाबली कलंडला. मग तिने दोरा सोडला आणि कोपरालगत, त्याच्या पायांच्या रोखाने, सारे अंग टाकून दाबले. बाबली स्थिर.

"बाबल्या, दोरो खंय नि बळ खंय?" मागून कुणी टोमणा मारला.

"मी पडूक नाय," बाबली पुटपुटला. "माका पाडलां."

"ह्यात देव नाय, पाटी आसा," सोनाबाई म्हणाली. "डोक्यावयली चुंबळ मधोमध बसली की पाटयेचा वजन मानेतसून सरळ पायांत उतारता, बाई मैलभर चलता. तीच पाटी चार बोटां भायर गेली की तोल गेलो. हे पयल्यांदा भायर दाबतत. दोरो बांधलो की पायांवर दाबतत."

हे गणित मी फळ्यावर मांडू शकलो असतो. पण दोन सभा डोळे फाडून बघूनही मला ते दिसले नव्हते. तिच्या तळपायांना दिसले. महाराज कलियुगाला दोष देत आत गेले. त्यांच्यामागून दोरा मागायला निम्मी गर्दी गेली, हेही नमूद केले पाहिजे.

अर्चना उठली नाही. "पण आये, दोरो बांधल्यापासून माका दुखूक नाय."

सोनाबाई खाली उतरली, लेकीसमोर उकिडवी बसली आणि तिने नडगीवरून अंगठा सावकाश खाली नेला. बोटाएवढ्या एका जागी तो टेकताच अर्चनाचे सर्वांग आक्रसले.

"दुखत होता, आये," ती म्हणाली. "मी थंय बगूचा सोडलेला."

हाडाला तडा गेला होता. शनिवारी धावली असती तर ते दुभंगले असते, असे डॉक्टर म्हणाले. शनिवारी सकाळी मी मायलेकींच्या खोलीवर गेलो. अर्चना प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सर, आता म्हापशाला पोरी धावायला सुटल्या असतील?"

"हो."

सोनाबाईने कोपऱ्यातली चुंबळ उचलली आणि ती कामाला निघाली.

कुणी सांगेल की या दोऱ्यात बळ आहे. त्याला म्हणा, दुसऱ्याच्या हाताने दाबून पाहू. ज्याचा हात दाबायचा त्याला आणि दाबणाऱ्याला दोरा बांधला आहे की नाही हे कळू न देता पाहू. तो नकार देईल, तर तो नकार हेच उत्तर समजा. आणि जो तुम्हाला आपल्याच देहाकडे पाहू नका म्हणतो, त्याला तिथले काय दिसू द्यायचे नाही, हे आधी विचारा. अर्चनाला तो प्रश्न विचारायला उशीर झाला. तेवढ्यात तिचा शनिवार गेला, आणि तो परत आणील असा दोरा कुठेही मिळत नाही.