पाहुण्यांची कॉफी

चौकोनी बाटलीतली ती कॉफी अजूनही दुकानात मिळते, पण मैदा आणि बेकिंग पावडरच्या फळीवर. मुली केकमध्ये घालायला नेतात, प्यायला कुणी नेत नाही. एफी लोरिमर आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या लहानपणी स्कॉटलंडमधल्या फोरफारजवळच्या बालमेरी गावात कॉफी म्हणजे हीच. दाट, काळा, गोड पाक. त्यात कॉफी थोडी, चिकोरी बरीच आणि साखर सगळ्यांत जास्त. भांड्यात दूध तापवायचं, साय धरायच्या आत उतरवायचं आणि दोन चमचे पाक कपात घालून त्यावर ओतायचं. घरभर जळक्या साखरेचा वास सुटायचा. पुढे एफी एडिंबराला नोकरी करू लागली, तिथं तिनं खरी दळलेली कॉफी प्यायली, आणि हे असलं कडू पाणी लोक पैसे देऊन का पितात, असं तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

घरात सगळे चहाच पीत. बाटली पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुणा म्हणजे खरं तर एकच, मिस्टर ड्यूगल्ड पेट्री. गावात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात त्यांचा शब्द चाले. मंडळातल्या प्रत्येकाकडे काही घरं नेमून दिलेली असत. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की त्या घरी स्वतः जाऊन विधीला बोलावणारं कार्ड द्यायचं, चार शब्द बोलायचे आणि जे पुढ्यात येईल ते संपवायचं. अर्धा कप टाकून उठलं तर त्या घराचा अपमान झाला असं धरत. पेट्रींच्या वाट्याला अकरा घरं होती. दहा घरी चहा मिळे. अकरावं घर लोरिमरांचं, तिथं कॉफी.

"तुमच्याकडे शेवटी येतो ते काही उगाच नाही, मिसेस लोरिमर," असं ते वर्षातून दोनदा म्हणत.

एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत एफीचे वडील गेले. वॉटी लोरिमर चर्चचे सेवक होते. बॉयलर पेटवणं, घंटा वाजवणं, झाडलोट आणि रविवारी पाळकसाहेबांच्या पुढे बायबल घेऊन व्यासपीठापर्यंत चालणं, हे त्यांचं काम. चर्चच्या भिंतीला लागून असलेलं दोन खोल्यांचं घर त्या कामाबरोबर मिळालेलं. माणूस गेला की काम गेलं आणि काम गेलं की घरही. अठ्ठावीस मे हा तिकडे घरं रिकामी करायचा दिवस. एफीची आई बेथिया हिनं मंडळाकडे अर्ज केला, की हेच काम मला द्या. बालमेरीत हे काम बाईनं कधी केलेलं नव्हतं. उत्तर येईना. एप्रिलमध्ये पेट्री कार्ड घेऊन येणार होते, तेव्हा काय ते कळेल असं आईनं धरलं होतं.

एफी तेव्हा दहा वर्षांची होती आणि एक गोष्ट आईला माहीत नव्हती. साखर अजून रेशनवर होती. एफीला शोध लागला होता, की पावावर तो कॉफीचा पाक पसरला की दुसरं काही लागत नाही. आई चर्चमध्ये झाडत असली की एफी खुर्चीवर चढे. पाक लेबलाच्या खाली गेला तेव्हा तिनं पाणी घातलं. मग तो फिका दिसायला लागला. शेजारीच ग्रेव्हीला रंग आणायच्या काळ्या अर्काची बाटली होती. तोही तसाच दाट, तसाच काळा. एफीनं तो बराचसा ओतला, बाटली हलवली, उजेडात धरून पाहिली आणि तिचं समाधान झालं. त्या अर्कात मीठ असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तो चाटून बघावा असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

मंगळवारी दुपारी पेट्री आले. काळा कोट, हातात हॅट.

"काय गं एफी, किती वाढतेस? उद्या दारातून वाकून यावं लागेल."

"दार आमचं राहिलं तर," आई पटकन म्हणाली आणि लगेच दूध तापवायला वळली.

पेट्री बसले. कॉफी आली, ओटची बिस्किटं आली. आईनं स्वतःसाठी चहा ओतला.

"मिसेस लोरिमर, गुरुवारी मंडळात तुमचा विषय निघाला होता," त्यांनी घसा साफ केला. "आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला..." आणि त्यांनी मोठा घोट घेतला.

पुढचं वाक्य आलं नाही. पेट्रींनी कपाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणखी एक घोट घेतला. नियमच होता, संपवायला हवं. त्यांचे डोळे पाणावले. एफीला दोन बाटल्या आठवल्या.

आईला मात्र फक्त ते पाणावलेले डोळे दिसले. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"कळलं मला. माझ्यासाठी जड वाटून घेऊ नका. पण एक ऐका. शेवटची दोन वर्षं वॉटीला चर्चच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. पहाटे पाचला बॉयलर मी पेटवत होते. घंटाही मीच ओढायची. तो रविवारी तेवढा कोट घालून बायबल नेई आणि सोमवारी दिवसभर अंथरुणावर असे. खरं सांगा, त्या दोन वर्षांत तुम्हाला कधी थंडी वाजली?"

पेट्रींनी मान हलवली. नाही.

"घंटा कधी चुकली?"

पुन्हा नाही. त्यांनी तिसरा घोट घेतला आणि रुमाल काढला.

"मग बाई म्हणून नको म्हणायला तुम्हाला दोन वर्षं उशीर झाला." आईचा आवाज चढला होता. तिला ते कळलं तशी ती उठली. "असो. अजून थोडी घालू का?"

"नको, आई!" एफी किंचाळली. "त्यात ग्रेव्हीचं काळं आहे! मीच घातलंय!"

आईनं पेट्रींच्या हातातला कप घेतला, ओठाला लावला आणि तो घोट सरळ चुलीत थुंकला.

"अरे देवा! आणि तुम्ही अर्धा कप प्यायलात?"

"पाऊण," पेट्री घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बोलला का नाहीत?"

"बोलता आलं असतं बाई, तर तुम्हाला बोलू दिलं असतं का?"

आईनं पाणी दिलं. त्यांनी दोन पेले संपवले आणि हॅट गुडघ्यावर घेतली.

"मी नकार सांगायला आलो होतो," ते म्हणाले. "वाक्य पाठ करून आलो होतो. शेजारच्या लेथम गावच्या एका माणसाला काम द्यायचं जवळजवळ ठरलंय. पण ही दोन वर्षांची गोष्ट मंडळातल्या कुणालाच माहीत नाही."

"कशी असेल? सांगितलं असतं तर वॉटीला काढलं असतं."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मंडळाला फसवलंत."

"हो," आई म्हणाली.

"हेही मला सांगावं लागेल. निम्मं सांगून चालणार नाही."

"सगळंच सांगा."

ते निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. प्रभुभोजनाचं कार्ड द्यायचं राहिलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, एफीकडे एकदा पाहिलं आणि गेले. आईनं बाटली मोरीत रिकामी केली आणि एफीला चर्चच्या पायऱ्या घासायला लावल्या, त्या दिवशी आणि पुढचे तीन शनिवार.

मंडळ पुन्हा बसेपर्यंत तीन आठवडे गेले. आईनं वाट पाहत हातावर हात धरून बसायचं नाही असं ठरवलं होतं. किराणावाल्याकडून खोकी आणली, कप-बशा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून भरल्या. डंडीला तिची बहीण होती, एका खोलीत चौघं राहायची. तिथं आणखी दोघींची सोय कशी करायची, हे आई मोठ्यानं बोलत बसे, जणू एफी तिची मैत्रीणच.

मेच्या दुसऱ्या शनिवारी पाळकसाहेब स्वतः पत्र घेऊन आले. आईनं ते उभ्यानंच वाचलं. मंडळात मतं समसमान पडली होती, आणि पेट्रींनी बाजू बदलली नसती तर तशी पडली नसती. शेवटचं मत पाळकसाहेबांचं. काम एका वर्षासाठी मिळालं होतं, घरासकट. अट एकच. रविवारी बायबल घेऊन बाईनं पाळकाच्या पुढे चालायचं नाही, ते मिस्टर पेट्री नेतील.

"मान्य आहे का, मिसेस लोरिमर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बायबल जड आहे," आई म्हणाली. "नेऊ दे त्यांना."

ते गेल्यावर तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं, या वेळी बसून. मग बाही वर सारली आणि पहिलं खोकं ओढलं. एफी शेजारी बसून बशा सोडवू लागली. एका कागदावर घोड्यांच्या शर्यतीचा फोटो होता, ती तो बघत राहिली.

"वाचत काय बसलीस?" आई म्हणाली. "उद्या रविवार आहे. आधी हे कपाटात लाव, मग मला बॉयलरला कोळसा भरायचाय."