रिकामी चढाई

त्या रविवारी सोनगीरच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव चालला होता आणि नवलआबा कडेला खुर्ची टाकून बसले होते. क्रीडाशिक्षकाच्या नोकरीतून ते कधीच निवृत्त झाले होते, पण कबड्डीची शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती. त्यांची एकुलती मुलगी दिपमाला सकाळच्या एसटीने जळगावहून आली होती. ती क्रीडा मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. सामन्याआधी खेड्यातल्या मुलींना वाटणारी भीती, हा तिचा विषय. मुलींकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती आणि आबांना एक गोष्ट सांगायची होती.

गोष्ट एवढीच, की तिला हे सोडायचं होतं.

मार्गदर्शक सरांनी विषय इतक्या वेळा फिरवला होता, की पहिला कुठला ते तिला आठवत नव्हतं. मुदतवाढीवर मुदतवाढ. जळगावात पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून ती सरांच्या परिषदांच्या निमंत्रणपत्रिका करायची, सरांच्या उत्तरपत्रिका तपासायची. मुलींच्या भीतीवर लिहायला बसावं आणि सरांचा फोन वाजला की आपणच घाबरून वही मिटावी, असं चाललं होतं.

मैदानात रूपा नावाची मुलगी चढाईला गेली. थेट आतपर्यंत शिरली, तिथेच घुटमळली, कोपऱ्यातल्या दोघींनी तिला घेरलं आणि तिचा दम तुटला. बाहेर येताना पाय जरा मुरगळला होता.

"डॉक्टरताई, बघा ना," ती दिपमालापुढे पाय करून बसली.

आबांनी गावभर सांगितलं होतं, मन्ही पोर डॉक्टर व्हई राह्यनी. गावाने त्यातला डॉक्टर तेवढा ऐकला. भागाबाई तर दर खेपेला गुडघा घेऊन यायची आणि गोळी लिहून दिली नाही म्हणून रुसायची. दिपमालाने रूपाच्या पायाला ओली पट्टी बांधली.

आबा रूपाला म्हणाले, "पोरी, गडी मारता नही उना ते नको मारू. रिकामी उनी तरी चाली, पन परत ये. तठे उभी राहीसन दम घालाडू नको."

रूपाने मान हलवली. दिपमालाला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात आबाच तिच्याकडे वळले.

"मंग डॉक्टर? तुन्हं कव्हय व्हई?"

"होईल, आबा."

दर वेळी ती हेच म्हणायची. संध्याकाळी आबा तिला महामार्गापर्यंत सोडायला आले. बसमध्ये चढताना त्यांनी भरताच्या वांग्यांची पिशवी तिच्या हातात दिली. "आर्धी तुन्हा सरले दे," म्हणाले. बस निघाली तरी ते हात वर करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आबा मैदानावर जायला निघाले होते. ओट्यावर बसून बूट घालता घालता वाकले, ते उठलेच नाहीत.

मग माणसं येऊ लागली. प्रत्येकजण तिच्या डोक्यावर हात ठेवून एकच सांगायचा, आता आबांची इच्छा तेवढी पुरी कर. सरांचाही निरोप आला. प्रबंध पूर्ण करणं हीच खरी श्रद्धांजली, असं लिहून खाली विचारलं होतं की परिषदेच्या जेवणाचं कोण बघतंय. वांगी पिंप्राळ्याच्या खोलीत तशीच पडून होती.

दहाव्याला सगळे धुळ्यात पांझरा नदीच्या काठी गेले. मुलगा नव्हता, म्हणून चुडामणकाकांनी पिंड ठेवले. शेजारी आबांची आवडती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवली. कावळे समोरच्या कडुलिंबावर येऊन बसले होते, पण एकही खाली उतरेना.

काका हात जोडून म्हणाले, "नवलभाऊ, वहिनीकडे आम्ही बघू. काळजी करू नको."

कावळे हलले नाहीत.

"पोरींचा संघही मोडू देणार नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याला काय कबड्डीच खेळायची आहे का आता," एक म्हातारा पुटपुटला. ऊन चढत होतं. भटजींनी मोबाइल काढून वेळ पाहिली.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा दिपमालाकडे वळल्या. काका खालच्या आवाजात म्हणाले, "तूच बोल, बाई. जीव त्यातच अडकलाय त्याचा. डॉक्टर होईन म्हण, बस."

"म्हण ना," आईने तिचा हात दाबला.

ती पुढे झाली. 'होईल, आबा' हे शब्द सवयीने ओठावर आले होते. जिवंतपणी त्यांना काहीही सांगितलं असतं तरी पुढच्या रविवारी बदलता आलं असतं. आज इथे, या पिंडासमोर दिलेला शब्द तिला कोणाकडून सोडवून घेता येणार होता? मागे चार हात अंतरावर सगळं गणगोत उभं होतं. तिला धड श्वास घेता येईना. रूपा आत जाऊन अशीच उभी राहिली होती.

तिने लिंबाकडे पाहिलं नाही, भाकरीकडे पाहिलं. जळगावला गेल्यापासून ती आबांशीही पुस्तकी मराठीच बोलायची. आता मात्र आबांचीच बोली तोंडात आली, मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आबा, माले पीएच.डी. नही करनी शे. कव्हयपासून सांगनं व्हतं. मी रिकामीच परत येस."