ड्यूटी न चुकवणारे बाबा

"बाबा, तुमच्या तब्येतीले पाचपैकी किती नंबर द्याल?" शाळेच्या सर्व्हेसाठी मी विचारलं.

"पुरे पाच! वर्षभरात एक ड्यूटी चुकली नाही," बाबा म्हणाले आणि खोकत पायरीवरच बसले.

आमच्या खुर्सीपारच्या कामगार वस्तीत तब्येतीचं माप हेच. कामावर गेला तो ठणठणीत.

"शेजारचे सुशीलकाकाही पाचच म्हणायचे. आता त्यांना जिना चढवत नाही."

"मले कावून भेव दाखवून राहिली? मोठी डॉक्टरीण आली!"

मला एका जागी बसवेना. मी त्यांच्या गाडीची चावी उचलून मुठीत धरली. "उद्या ड्यूटी नाही, दवाखाना."

"अन् लोकं बीमार म्हणतील त्याचं?"

"म्हणू द्या ना!"

बाबांनी चावी मागितली नाही. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाले, "तू येशील सोबत?"