मधला अर्धा तास

सिक्स्टनने चष्मा कपाळावर चढवला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरच्या कॅलेंडरात गुरुवारच्या चौकटीवर तिसऱ्यांदा बोट टेकवलं. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला. बाकी काही झालं नाही.

"बघ. चुकतंय."

"ते बोटाने चालत नाही, सिक्स्टन. माउस घे."

"माउस माझ्याकडे आहे घरी. त्यानेही चुकतंच."

इल्वाने पडदा बाहीने पुसला. ती इमारतीच्या समितीची चिटणीस होती आणि पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवायची, त्यामुळे हे लचांड आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. वेस्तेरोस शहरातल्या त्या चार जिन्यांच्या इमारतीत कपडे धुवायची खोली एकच, तळघरात. पन्नास वर्षं तिच्या दाराशी एक लाकडी फळा होता. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. ज्याला जी वेळ हवी, त्याने फळ्यावरच्या त्या वेळेच्या खुंटीवर आपलं कुलूप लावायचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इल्वाने फळा उतरवला आणि वेबसाइटवर फॉर्म आणला. तारीख निवडा, वेळ निवडा, झालं. दोन मिनिटांचं काम आहे, असं तिने समितीत छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्या दोन मिनिटांना आता पाच आठवडे झाले होते आणि दर बुधवारी सिक्स्टन दारात हजर असायचा. अठ्ठ्याहत्तरीचा हा गृहस्थ पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता, आणि तक्रारीही क्रमांक घालून आणायचा. एक : आठवडा रविवारी सुरू होतो, हा काय अमेरिकन चावटपणा आहे? तिने सोमवार केला. दोन : सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात एकसारखेच दिसतात. तिने चोवीस तासांचं घड्याळ लावलं. तीन : आठवड्याचा क्रमांक कुठे आहे? त्याच्याशिवाय माणसाने दिवस मोजायचा कसा? हे मात्र तिला पटलं, क्रमांक आले. मार्चअखेरीस उन्हाळी वेळेसाठी देशभर घड्याळं एक तास पुढे गेली तेव्हा सातच्या जागी आठ दिसू लागले. ती तक्रार तर त्याने दोनदा अधोरेखित केली होती. तेही तिने निस्तरलं.

"आता काय चुकतंय?" तिने त्याच्यापुढे कॉफी आणि वेलचीचा बन सरकवला. "नीट सांग. गुरुवार, सकाळी सात. तुझीच वेळ आहे ना?"

"माझीच."

"दुसऱ्या कुणी घेतली का?"

"नाही."

"मग?"

सिक्स्टनने कागद उलगडला. या वेळी त्यावर एकच ओळ होती, तीही खोडून पुन्हा लिहिलेली.

"दहाला दहा वाजत नाहीत," तो म्हणाला.

त्याला त्याचा गुरुवार परत हवा होता, इतकं इल्वाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण गुरुवार तर त्याच्याकडेच होता! त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

"सिक्स्टन, तुझी वेळ साडेनऊला संपते. तुला दहाशी काय करायचंय?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणाला आणि बन न खाताच उठला. "फळ्यावर दहा म्हणजे दहा होते. मंगळवारी सभेत बोलूच."

हे मात्र तिला लागलं. मंगळवारी वार्षिक सभा होती. फळा परत आणायचा ठराव त्याने आधीच देऊन ठेवला होता आणि त्यावर सात जणांच्या सह्या होत्या. आणि पूर्वी वेळा एकमेकींना चिकटून असायच्या, सात ते दहा, दहा ते एक, तेव्हा काय चालायचं ते ही मंडळी सपशेल विसरली होती. एकाचे कपडे यंत्रात असतानाच दुसरा टोपली घेऊन दारात. तोंडाने कुणी अवाक्षर काढायचं नाही, पण दुपारपर्यंत भिंतीवर उद्गारचिन्हांसकट चिठ्ठी लागलेली असायची. म्हणून इल्वाने फॉर्मच्या सेटिंगमध्ये दर दोन वेळांच्या मधे अर्धा तास मोकळा सोडला. सात ते साडेनऊ, मग दहा ते साडेबारा. साडेनऊला खोलीचं दार आपोआप बंद, दहाला पुढच्याच्या चावीने उघडतं. कुणाची कुणाशी गाठ नाही. चिठ्ठ्या बंद झाल्या. अख्ख्या फॉर्ममध्ये तिला स्वतःला आवडलेली ती एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दाराचं घड्याळ फॉर्मच्या मागे-पुढे तर नाही ना, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती साडेनऊला पाच मिनिटं असताना तळघरात उतरली.

सिक्स्टनचे सदरे घडी होऊन टोपलीत बसले होते, वर एक चादर तशीच पडली होती. तो एका भल्या मोठ्या दुहेरी चादरीशी झटापट करत होता. एक कड हनुवटीखाली धरलेली, दोन्ही हात ताणलेले, आणि खालचं टोक काँक्रीटवर. दाराने सूचनेचा आवाज केला. त्याने चादर तशीच कवटाळली, टोपली पायाने ढकलली आणि बाहेर बोळात आला. मागे कुलूप पडलं. ठीक साडेनऊ. घड्याळात काहीच चूक नव्हती.

"दे इकडे एक टोक," इल्वा म्हणाली.

तिने सुरकुत्या मोडायला टोकं धरून ओढली.

"तसं नाही. आधी सरळ, मग तिरकं, एकदा इकडून, एकदा तिकडून. गुनवोर बघ कशी..." तो थांबला.

गुनवोर म्हणजे क जिन्यावरची, ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिची वेळ गुरुवारीच, दहाची.

"ती ओढायची चादर?"

"अकरा वर्षं." त्याने चादरीची कड नीट जुळवली, जुळलेलीच होती तरी. "ती दहाला यायची. मी चादरी मुद्दाम शेवटी काढायचो. दोन चादरी, दहा मिनिटं. तेवढ्यात आठवड्याचं बोलून व्हायचं." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मला तिची फार आठवण येते."

कॅलेंडरात इल्वा पाच आठवडे सोमवार, चोवीस तास आणि आठवड्यांचे क्रमांक दुरुस्त करत बसली होती.

"अरे, मग थांब की इथे दहापर्यंत."

"बोळात? हातात चादर घेऊन? वेडा म्हणतील."

"नाहीतर वर जा. तिची बेल वाजव."

सिक्स्टन खरोखर गोंधळला. "काय म्हणून?" त्याने विचारलं. "बेल वाजवायला काहीतरी काम लागतं."

दुसरी चादर दोघांनी मिळून ओढली. ती वाकडीच झाली. त्याने ती तशीच टोपलीत ठेवली.

घरी येऊन इल्वाने सेटिंग उघडलं. गुरुवारी दहाच्या आधीचा अर्धा तास तिने काढून टाकला. सभेत कुणी विचारलंच तर बघू. मग बदल लागू झाला का हे पाहायला तिने फॉर्मची नोंदवही उघडली, आणि नाकारलेल्या विनंत्यांवर तिची नजर अडकली. घर क्रमांक एकतीस. दर सोमवारी सकाळी, लागोपाठ पाच आठवडे, गुरुवार सातची वेळ मागितली होती. पाचही वेळा लाल अक्षरात तेच उत्तर : ही वेळ दुसऱ्या घराने घेतली आहे.

एकतीस म्हणजे गुनवोर.

इल्वाच्या डोक्याचा पार भुगा झाला. ज्याच्यासाठी आपण नियम मोडतोय, त्याचीच वेळ ही बाई लाटायला बघतेय? या इमारतीत याहून मोठा गुन्हा नव्हता. तिने फोन लावला.

"इल्वा? मी काही बिघडवलं का गं?"

"नाही, नाही. तू गुरुवारी सातची वेळ मागतेयस. तुझी दहाची आहे ना?"

"आहे की."

"मग ती सोडायची आहे का?"

"सोडली तरी चालेल."

"गुनवोर, सातची सिक्स्टनची आहे. तुला दिली तर तो कुठे जाईल?"

"तो कशाला कुठे जाईल?" आता गुनवोरला काही कळेना. "यंत्रं दोन आहेत ना खाली?"

इल्वाचा हात माउसवरच राहिला. मग ती सेटिंगच्या पार तळाशी गेली. एका वेळेला किती घरं : एक. तिने एक खोडून दोन लिहिलं. सगळ्या दिवसांसाठी की निवडक, असं फॉर्मने विचारलं. तिने गुरुवार निवडला.

"आता गुरुवार सात दाब," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

"म्हणजे... या वेळी नाही म्हणणार नाही ते?"

"नाही म्हणणार नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इल्वा पडद्याकडे बघत राहिली. गुरुवार सातच्या चौकटीत सिक्स्टनच्या नावाशेजारची जागा रिकामी होती आणि बराच वेळ तशीच राहिली.

"गुनवोर? आहेस ना?"

"आहे गं, आहे," गुनवोर अगदी हळू म्हणाली. "चष्मा पुसतेय."