ज्याचे कुलूप, त्याची चावी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. यावलमधल्या घरात अंथरुणाला खिळलेल्या बेबाबाईचा श्वास मिनिटाला सहावर आला होता.

तिचा नवरा हेमराज वीज उपकेंद्रातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ. कर्करोगाच्या कळांवरचे मॉर्फिनचे पातळ औषध त्याने दोन वाजता मापाने दिले होते. तीनला शिंदखेड्याहून थोरली मेहुणी दिपमाला अक्का भेटीला आली. माहेरचा हात लागल्याशिवाय औषधाला गुण येत नाही, या श्रद्धेने तिने तेच औषध जेवणाचा चमचा काठोकाठ भरून बहिणीला पुन्हा पाजले; मॉर्फिन जादा झाले की श्वास मंदावतो. हेमराजने जळगावच्या वेदनाशमन केंद्राला फोन लावला, तर ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, केंद्र सोमवारी उघडेल. शेवटी रुग्णवाहिका आली, प्राणवायू लागला आणि दिवेलागणीला बेबाबाईने डोळे उघडले.

सोमवारी केंद्रातले डॉक्टर प्रेमराज म्हणाले, "आबा, घरी सांभाळणे जमत नसेल तर हे औषध बंद करू."

"म्हणजे चूक आमची आणि कळा तिने सोसायच्या? औषध बंद होणार नाही. रविवारी तुमचा फोन बंद असतो, तो सुरू होईल."

"रविवारी माणूस कुठून आणू?"

"दुखणे रविवारची सुटी घेत नाही, डॉक्टर. क्रमांक मिळेपर्यंत मी इथून हलत नाही."

चहा आला, त्याने परत पाठवला. केंद्राचे दार लावायची वेळ झाली तरी म्हातारा खुर्चीतच. अखेर कामिनी सिस्टर म्हणाली, "लिहून घ्या माझा नंबर. पण सर, एक रविवार माझा, एक तुमचा." डॉक्टरांना मान डोलवावीच लागली.

घरी येताच हेमराजने बाटली हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि कुलूप ठोकले.

अक्का फणकारली, "मी तिनी मोठी बहीण शे. मना हातनं औसद चालत नही का?"

"अक्का, जो तारेवर चढतो, तोच वीज बंद करून खटक्याला कुलूप लावतो आणि चावी खिशात घालून चढतो. मग साहेब आला तरी खटका ओढून वीज सोडता येत नाही."

"म्हंजे मनी बहीण तुमना इजेना खांब शे का?"

बेबाबाईला हसू आले. "अक्का, पाणी तू पाज. औषध मात्र यांच्याच हातचं."

२३ मार्चला, रविवारीच, बेबाबाईला धाप लागली. फोन दुसऱ्या घंटीला उचलला गेला. सिस्टरने सांगितले तेवढेच औषध हेमराजने मापून दिले, अक्काने बहिणीचे ओठ ओले केले. बेबाबाई स्वतःच्या अंथरुणात, कळांवाचून गेली.

कुलूप लागल्यापासून सहा आठवड्यांत दुबार डोस : शून्य.