आपोआप निघणारं नाव

ओक ग्युचलने लाडवांचा खोका उघडला नाही. दोरीखाली खोचलेला कागद तेवढा ओढून काढला. आज बारावीची देशभरातली परीक्षा होती. मुलांना रस्ते मोकळे मिळावेत म्हणून सोलचा बाजार, दरवर्षीप्रमाणे, तासभर उशिरा उघडणार होता. ज्यांची मुलं परीक्षेला बसली होती त्यांच्या टेबलांवर ऑफिसने चिकट तांदळाचे लाडू ठेवले होते; परीक्षेत यश चिकटावं म्हणून ते देतात.

"साहेब, कमाल आहे तुमची," शेजारच्या टेबलावरून बोरा म्हणाली. ऑप्शनच्या विभागात ती गेल्याच वर्षी आली होती. "मुलगी परीक्षेला आणि आम्हाला पत्ता नाही. शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं सोडून इथं काय करताय?"

"आज एक्स्पायरी आहे." महिन्याचे ऑप्शन करार आज संपणार होते.

"ती काय, दर महिन्याला असते. मला आईने किलोभर लाडू चारले होते, तरी गणितात आपटले. आता बसलेय दिवसभर गणितच करत."

तो हसल्यासारखं करून कागदाकडे वळला.

त्याच्या मुलीला, सेइनला, जाऊन तीन वर्षं झाली होती. पंधरा वर्षांची होती. तेव्हा तो बुसानच्या शाखेत होता. तिथं सगळ्यांना माहीत होतं. बदलीबरोबर कुटुंबाची जुनी यादी इथं आली आणि त्याने ती दुरुस्त केली नाही. कागदावर लिहिलं होतं की शाळा संपत असल्याने परीक्षार्थींची नावं आज पाच वाजता शाळकरी मुलांच्या यादीतून आपोआप कमी होतील, पालकांनी काही करायची गरज नाही. तो गप्प बसला असता तरी चाललं असतं.

बाजार उघडला. कोस्पी दोनशे निर्देशांक सकाळी थोडा चढला, मग उतरला, आणि दुपारभर एकाच जागी घुटमळत राहिला. वरच्या भावांचे कॉल, म्हणजे बाजार चढेल या आशेवर घेतलेले करार, झिजत गेले. ०.०९. ०.०४. ०.०१. चार वीसला व्यवहार थांबले. शून्यावर आलेले करार यंत्रणा स्वतःच मिटवते. धारकाला सहीसुद्धा करावी लागत नाही.

"सुटलो," कॉफीसाठी उठत बोरा म्हणाली. "फोन करा घरी, पेपर सुटत असेल."

ग्युचलने फोन उचलला, पण नंबर लावला तो आस्थापना विभागाचा.

"ओक सेइन. हे नाव यादीतून काढायचंय."

"ते निघेल साहेब पाच वाजता. आपोआप."

"नको. मी सांगतोय, तुम्ही आत्ता काढा."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. "बरं. तारीख आजचीच टाकते."

"आजची नको." त्याने तारीख सांगितली.

बोरा रिकामा कप धरून जागीच थांबली.

"साहेब, साल चुकलं वाटतं," फोनवरची बाई म्हणाली. "हे तीन वर्षांमागचं आहे."

"साल बरोबर आहे," ग्युचल म्हणाला, आणि तिला लिहून घेता यावं म्हणून तारीख पुन्हा एकदा, सावकाश सांगितली.